पेटीतलं दुपटं

श्रीराघोगिरी महाराज केळगव्हाणला आले तेव्हा गावात त्यांचा मठ नव्हता, पालखी नव्हती, की प्रसादाची रांगही नव्हती. गावाच्या खालच्या अंगाला, कोष्टी आळी संपते तिथे, तेल्याचा एक बंद पडलेला घाणा होता. छप्पर अर्धं उडालेलं, भिंती काळ्या पडलेल्या. महाराजांनी तिथेच आपली घोंगडी अंथरली. कुणी विचारलं, "महाराज, ही काय राहायची जागा?" तर म्हणायचे, "इथला बैल जन्मभर गोल फिरून दमला. त्याच्या वाटणीचं थोडं बसून घेतो." बोलणं असं, आणि तेही क्वचित. अंगारा देत नसत, गंडा बांधत नसत. कुणी भाकरी दिली तर खात, नाही दिली तर पाणी पिऊन निजत. पण त्यांच्यासमोर घटकाभर बसलं की माणसाला बरं वाटायचं, आणि गावाला तेवढं पुरत होतं.

कोष्टी आळीत त्या वेळी शब्द चालायचा तो अनसाबाई रोकड्यांचा. विधवा बाई, पण सगळा कारभार एकहाती. ओळीने माग, दिवसभर धोट्याची खटखट, आणि त्यांच्या मागावरच्या लुगड्याचा काठ पारखायला व्यापारी लांबून यायचे. बाईंचा दराराही तसाच. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांचं घर आठवड्याभरात धुऊन निघालं होतं. सासूबाई गेल्या, नवरा गेला, मुकुंदा नावाचा मुलगा गेला, आणि शेवटी अंगावर पिणारी गोदी गेली. आळीतल्या बायका रीतीप्रमाणे गळ्यात पडून रडायला आल्या, तर अनसाबाईंनी दार लावून घेतलं. आतून म्हणाल्या, "रडायचं असेल तर आपापल्या घरी रडा. या घरात त्यांचं नाव काढायचं नाही." सुतक फिटायच्या आत त्यांनी माग सुरू केले. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं. तेव्हापासून त्यांच्यासमोर ती नावं कुणी घेतली नाहीत, आणि बघता बघता गाव ती विसरूनही गेलं.

अनसाबाईंच्या वाड्याला लागूनच कोंडिबाची खोपटी. कोंडिबा त्यांच्याच मागावर विणायचा आणि त्याची बायको येसू सुताच्या कांड्या भरायची. एवढ्याशा खोपटात सासू, दीर, नवरा आणि तीन पोरं! संध्याकाळी तिथे जो गलका उठायचा तो काय सांगावा. म्हातारी ओरडायची, पोरं एकाच ताटावर तुटून पडायची, दीर कुणाची तरी नक्कल करायचा, आणि सगळे मिळून खो खो हसायचे. दोन घरांच्या मधल्या भिंतीला एक झरोका होता. पूर्वी त्यातून शेजारणी एकमेकींना विस्तव द्यायच्या. अनसाबाईंनी तो झरोका मातीने लिंपून टाकला. चूल पेटवायला आपल्याकडे काड्याची पेटी आहे, असं त्यांनी कारण दिलं. खरं कारण तो हसण्याचा आवाज होता. जेवायला बसल्या की तो ऐकू यायचा, आणि समोरचं तूप घातलेलं वरण घशाखाली उतरायचं नाही. लिंपल्यावरही तो यायचा तो यायचाच.

म्हणजे हेवा होता, उघड उघड हेवा. ज्यांच्या घरी दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, त्यांचा हेवा आपण करतो, याची बाईंना लाज वाटायची. आणि लाज वाटली की त्या येसूवर आणखीच करवादायच्या.

त्यात महाराजांची भर पडली. येसू रोज सकाळी कामावर येण्याआधी घाण्यात जाऊन झाडलोट करायची, मडकं भरून ठेवायची आणि असेल ती आंबील महाराजांपुढे ठेवायची. महाराज ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे. अनसाबाईंनी मात्र पुरणावरणाचं ताट झाकून पाठवलं, तर महाराज ते वाटेवरच्या भिकाऱ्याला देऊन टाकायचे. कितीदा आमंत्रण दिलं. महाराज "येऊ" म्हणायचे आणि यायचे नाहीत. आजवर गावात कुणी अनसाबाईंचा शब्द मोडला नव्हता. त्यांचा अगदी तिळपापड झाला.

दसऱ्याला त्यांनी हट्टाला पेटून स्वतः मागावर बसून एक शेला विणला. तांबड्या काठाचा, हाताला रेशमासारखा. वाजतगाजत घाण्यावर नेला. महाराजांनी तो उलगडला, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हात सुबक आहे हो." आणि उठून तो शेला त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या कुंभाराच्या गाढवीच्या सोललेल्या पाठीवर घातला! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तेवढ्यात येसू पुढे आली. तिच्या हातात जुन्या लुगड्याचा एक तुकडा होता, धुऊन धुऊन विरलेला. "महाराज, न्हाई म्हनू नका. माज्याकडं एवढंच मऊ हाय." महाराजांनी तो तिथल्या तिथे खांद्यावर घेतला.

अनसाबाई दुसऱ्या दिवशी तडक एकट्याच घाण्यावर गेल्या. "महाराज, माझ्या कापडात खोट काय आहे ते तरी कळू द्या."

"खोट नाही, माय. खळ आहे," महाराज म्हणाले. "कोरं कापड, पाणी लागलेलं नाही. अंगाला टोचतं. तुझ्या घरातलं जुनं काही असेल तर आण, मी आनंदाने पांघरीन."

"आमच्या घरात जुनं काही नाही."

"बरं," महाराज म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून येसूचे हाल सुरू झाले. मागांच्या खोलीत, सगळ्यांदेखत अनसाबाई म्हणायच्या, "या, लाडक्या भक्तीण! आज महाराजांना कोणतं पोतेरं पांघरलंत?" येसू खाली मान घालून कांड्या भरत राहायची. तिला दिवस गेले होते, तरी बसायला पाट मिळायचा नाही. एकदा एक विणकर न राहवून म्हणाला, "काकू, वंगाळ बोलू नका, गरीब हाय ती." तर त्यालाही दोन शब्द ऐकावे लागले. येसू मात्र घरी जाऊन कधी चकार शब्द बोलली नाही. ती म्हणायची, "मोठ्या मानसाला बी दुखत आसंल कुटं तरी."

पौषाच्या थंडीत येसू बाळंत झाली. मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आतच, चिमणीएवढी. आपल्याकडे रीत अशी की बारसं होईपर्यंत तान्ह्याला कोरं कापड लावायचं नाही. जुनेर हवं, अनेक अंगांना लागून मऊ झालेलं. त्यात मोठ्यांची ऊब असते म्हणतात. येसूच्या घरात तीन पोरांनी सगळी जुनेरं फाडून संपवली होती. सासू कुरकुरली, "एक धड फडकं हुतं, ते बी तुज्या बाबाला दिलंस." मुलीला एका जाड्याभरड्या वाकळेत गुंडाळलं. तरीही खोपटीत आनंदीआनंद! पोरं बाहेर नाचत होती, "आमच्या घरी बाय आली, आमच्या घरी बाय आली."

भिंतीपलीकडे अनसाबाई ताटावर बसल्या होत्या. ते नाचणं कानावर आलं आणि त्यांचं डोकं फिरलं. मुलगी! त्यांनाही मुलगी होती. त्यांनी हातातला घास ताटात टाकला आणि पुटपुटल्या, "एकदा तरी थांबू दे रे देवा या घरातलं हसू. यांनाही कळू दे."

आणि भाविकहो, दुसऱ्या दिवशी सकाळी ते हसू थांबलं.

अनसाबाई ओसरीवर आल्या तर पलीकडे चिडीचूप. म्हातारीचा आवाज नाही, पोरांचा नाही. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी झरोका लिंपला ती शांतता मिळाली, आणि बाई कान देऊन ते हसू शोधायला लागल्या. कामावर आलेल्या विणकराने सांगितलं, मुलगी दूध ओढत नाही, अंग गार पडत चाललंय, सुईणीने हात टेकले. अनसाबाई आत गेल्या. माझ्याच तोंडून गेलं, त्यांना वाटत होतं. माझ्याच तोंडून गेलं ते.

कोंडिबा घाण्याकडे धावला होता. महाराज खांद्यावर येसूने दिलेलं फडकं घेऊन उन्हात बसले होते. कोंडिबाने पाय धरले. "महाराज, पोर गार झाली. हे फडकं तरी द्या, न्हाई तर तुमीच चला."

महाराजांनी फडकं काढून त्याच्या हातात दिलं. "हे घे. पण याच्याने भागायचं नाही, कोंडिबा. तुझ्या पोरीची ऊब अनसाच्या पेटीत अडकली आहे." आणि महाराज उठले.

गाव बघत राहिलं. आजवर कुणाच्या उंबऱ्याला पाय न लावलेले महाराज अनसाबाईंच्या दारात उभे होते. अनसाबाई लगबगीने बाहेर आल्या. ज्या क्षणाची त्यांनी इतके महिने वाट पाहिली तो आला होता. पण मागे कोंडिबाला पाहिलं आणि त्यांना कळून चुकलं की महाराज आपल्यासाठी आलेले नाहीत. येसूच्या पोरीसाठी आलेत! इथेही येसूच!

"माय," महाराज म्हणाले, "तुझ्या गोदीचं दुपटं दे."

ते नाव त्या घरात कितीतरी वर्षांनी उच्चारलं गेलं होतं. अनसाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्या घरात तसलं काही नाही."

"मुकुंदाचं अंगडंही आहे. तेही त्याच पेटीत आहे. पण ते नको, ते मोठं होईल."

"महाराज!" बाईंचा आवाज चिरकला. "साधू म्हणून मान ठेवते, पण त्यांची नावं घेऊ नका. तुम्हाला एवढं सगळं कळतं ना? मग माझी लेकरं तडफडत होती तेव्हा तुमचा देव कुठं होता? पाणी द्यायला माणूस नव्हतं. मी चौघांच्या उशाशी एकटी फिरत होते. तेव्हा कुणाला माझी पेटी आठवली नाही, आज हिच्या पोरीसाठी आठवली?"

कुणाला वाटलं महाराज रागावतील. महाराज उंबऱ्याबाहेर खाली मातीत बसले. म्हणाले, "याचं उत्तर माझ्याजवळ नाही, माय. मी ते शोधायलाच घर सोडलं. अजून सापडलेलं नाही."

अनसाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी भांडायची तयारी केली होती, उपदेशाची तयारी केली होती. या उत्तराची नव्हती.

"नाही देता यायचं," त्या हळू म्हणाल्या. "रीत होती गेलेल्यांची कापडं नदीत सोडायची. मी सोडली नाहीत, लपवून ठेवली. मेलेल्या पोरीचं कापड आहे ते, ते लागलं तर हीपण जाईल. आणि..." त्यांनी कोंडिबाकडे पाहिलं, मग मान फिरवली. "मीच नजर लावली तिला. काल रात्री मनात आणलं मी. मला बघवत नाही यांचं घर. इतकी वर्षं मला ते बघवत नाही."

कोंडिबा दचकून मागे सरला. पण महाराजांचा चेहरा मात्र उजळला. "झालं तर! मळमळ बाहेर पडली. नजरेने कुणी मरत नसतं, आणि कापडाने तर मुळीच नाही. चल, पेटी उघड."

का कोण जाणे, अनसाबाई आत वळल्या. माजघरातली सागवानी पेटी त्यांनी दारापर्यंत ओढून आणली. कडी गंजली होती, ती कोंडिबाने काढली. वर सासूबाईंचं लुगडं, खाली नवऱ्याचं धोतर, मुकुंदाचं अंगडं. सगळ्यांना पेटीचा थंडगार वास. आणि अगदी तळाशी, चार घड्या घातलेलं, गोदीचं दुपटं.

अनसाबाईंनी त्याला हात लावला आणि किंचाळल्याच.

दुपटं गरम होतं.

पौषातल्या सकाळी, इतकी वर्षं बंद असलेल्या पेटीच्या तळाशी, ते नुकतंच एखाद्या निजलेल्या बाळाच्या अंगावरून उचलावं तसं ऊबदार होतं! कोंडिबाने भीत भीत बोट लावलं. "आई गं... गरम हाय! खरंच गरम हाय!" दारातली माणसं जागच्या जागी हात जोडून उभी राहिली. त्या दुपट्याला दुधाचा वासही येत होता, तान्ह्याच्या हनुवटीखाली येतो तसा.

अनसाबाईंनी ते छातीशी गच्च धरलं. आणि मग जो हंबरडा फुटला, तो आळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेला. "गोदे! माझी गोदे! मुकुंदा रे! सासूबाई, मला एकटीला टाकून कुठं गेलात!" नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्यातदेखील लाजत घेतलेलं, तेही त्यांनी चारचौघांत मोठ्याने घेतलं. मागांची खटखट थांबली. ज्या बायकांच्या तोंडावर एकदा दार लावलं होतं, त्याच पदर डोळ्यांना लावून अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"माय, ते दुपटं," महाराज म्हणाले.

अनसाबाईंनी मान हलवली. त्या मागे मागे सरकत भिंतीला टेकल्या. "नाही. हे माझ्या गोदीचं आहे. आत्ता मिळालीय मला ती. हे दिलं तर गार होईल, महाराज. माझी आहे ही ऊब. हिला सगळं मिळालं. नवरा, पोरं, तुम्ही! एवढं तरी माझं मला राहू द्या."

कोंडिबा हात पसरून उभा होता. त्याला हिसकावून घेता आलं असतं. महाराजांनी नुसत्या नजरेने त्याला थांबवलं. सगळं आता त्या एका बाईच्या मिठीत अडकलं होतं.

तेवढ्यात बायका बाजूला झाल्या. येसू आली होती. पाचवीही न झालेली ओली बाळंतीण, भिंतीला धरत धरत, कुशीत ते निळसर पडलेलं पिल्लू घेऊन उंबऱ्याशी पोचली. महाराज अनसाकाकूंच्या घरी गेलेत एवढंच तिला कळलं होतं. तिने बाईंचा तो रडून भिजलेला चेहरा पाहिला, छातीशी धरलेलं दुपटं पाहिलं आणि कोंडिबाने सगळं सांगायच्या आतच तिला सगळं समजलं. ती हळूच खाली बसली.

"काकू," ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नका दिऊ. तुमच्या लेकीचं हाय ते. मला ठावं हाय आता, आईला काय हुतं ते."

बस्स, एवढंच ती म्हणाली. ना मागणं, ना गाऱ्हाणं.

अनसाबाईंचं रडणं थांबलं. समोर बसलेल्या या पोरीला त्यांनी किती बोल लावले होते, पाट दिला नव्हता, चार माणसांत तिचा पाणउतारा केला होता! आणि स्वतःचं लेकरू हातात गार पडत असताना ती आपल्याला म्हणत होती, राहू द्या. अनसाबाई तिच्या जागी असत्या तर? त्यांनी जग ओरबाडलं असतं. त्या येसूच्या मांडीवरच्या चिमुकल्या तोंडाकडे पाहत राहिल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच दुसऱ्याच्या लेकराकडे डोळे भरून पाहत होत्या.

मग त्या गुडघ्यांवर सरकत पुढे आल्या. त्यांनी दुपटं उलगडलं, त्यातली ऊब जाऊ नये म्हणून घाईघाईने मुलीला त्यात घेतलं, पायांकडून घडी, डोक्याकडून घडी, जशी गोदीला घालत तशीच. हात काही विसरले नव्हते. गुंडाळून त्यांनी तिला आपल्या छातीशी घेतलं आणि हलक्या हलक्या झुलायला लागल्या. येसूचे ओठ महाराजांचं नाव घेत होते.

थोडा वेळ गेला. मुलीच्या ओठांचा निळेपणा आधी उतरला. मग तिने तोंड वेडंवाकडं केलं, मूठ बाहेर काढली आणि टाहो फोडला. काय तो आवाज! चिमणीएवढी पोर, पण वाडा दणाणून सोडला. भुकेली झाली होती! अनसाबाईंनी तिला येसूच्या ओटीत दिलं, आणि ती चुटुचुटु प्यायला लागली तेव्हा जमलेल्या साऱ्या बायका हसत हसत रडल्या.

"राघोगिरी महाराज की जय!" कोंडिबा ओरडला. महाराजांनी त्याला हात करून गप्प केलं. "पोरगी पिते आहे, ओरडतोस काय?"

अनसाबाई महाराजांच्या पायाशी आल्या. मोडेल पण वाकणार नाही अशी ज्या मानेची ख्याती, ती मान मातीला लागली. "महाराज, मी तुम्हाला ताटं पाठवली, शेले पाठवले. माझी किंमत दाखवायला पाठवले. मला क्षमा करा."

महाराजांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "माझं काय बिघडलं होतं, माय? गाढवी तर खूष होती. तुझा नमस्कार दुसऱ्या कुणाला तरी करायचा राहिलाय."

अनसाबाई उठल्या. पदराने तोंड पुसलं. साऱ्या आळीसमोर, आपल्या मागावर कांड्या भरणाऱ्या येसूपाशी गेल्या आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अवं काकू! ह्ये काय! पाप लागंल मला," येसू पाय ओढून घ्यायला गेली, पण मांडीवर मुलगी पीत होती, तिला हलता येईना.

"ओढू नकोस, येसू," अनसाबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं तुझं घर हसलं की मला मरण यायचं. आज तुझी पोर रडली आणि मी जगले."